न्हाणीघराचा रंग

घराला रंग द्यायचे ठरले की व्यापारी कुटुंबात पहिली चर्चा दिवाणखान्याची होते. दुसरी दुकानाची, कारण दिवाळीच्या वहीपूजनाला गादीमागची भिंत कळकट दिसून चालत नाही. मग सामायिकाची खोली, मुलांच्या खोल्या, स्वयंपाकघर. न्हाणीघराचे नाव या यादीत अगदी शेवटी येते आणि त्याच्यासाठी वेगळा डबा सहसा आणला जात नाही. रंगारी विचारतो, "शेठजी, बाथरूमला काय लावायचे?" उत्तर ठरलेले असते, "उरला असेल त्यातला लावून टाका." दिवाणखान्याचा मॅट रंग उरला तर तो, बोळातले डिस्टेंपर उरले तर ते. पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या घराला यात काटकसर दिसते. वास्तविक, घरातल्या ज्या भिंतीला सर्वांत अधिक सोसावे लागते तिच्याच वाट्याला उरलेसुरले येते, आणि ती बचत पुढे दर पावसाळ्यात परत द्यावी लागते.

पुण्याच्या भवानी पेठेतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी ही परतफेड एका वर्षी पैशात झाली नाही. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहते. श्रावणात आतल्या न्हाणीघराच्या छताला एका कोपऱ्यात राखी ठिपके दिसू लागले. पर्युषण येईपर्यंत ते काळे झाले, एकमेकांत मिसळले आणि ताटाएवढा डाग पसरला. घरातील दादीजींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी तो डाग पाहिला आणि कोणाशी न बोलता त्या न्हाणीघरात जाणे सोडले. मागच्या गॅलरीत कपडे धुण्यासाठी शहाबादी फरशीची एक उघडी मोरी होती. भर पावसात, आडोशाला साडी बांधून, त्या तिथे स्नान करू लागल्या. आठव्या दिवशी पाय घसरला. बादलीचा काठ हाताशी आला म्हणून मनगट सुजण्यावर निभावले. कारण कळले तेव्हा मोठे चिरंजीव म्हणाले, "एवढेच ना? उद्या कामाच्या बाईला सांगून ब्लीचिंग पावडरने घासून घेतो." दादीजींनी मान हलवली. "हाताने केले काय आणि सांगून करवले काय, खाते एकच."

वाचकांना या उत्तराचा अर्थ वेगळा सांगायला नको. शेवाळ आणि बुरशी यांची गणना साधारण वनस्पतिकायात होते. ती अनंतकाय आहे, म्हणजे एका शरीरात अनंत जीव. इरियावहीत ज्यांच्या विराधनेबद्दल क्षमा मागितली जाते त्या जीवांच्या यादीत 'पणग' हा शब्द येतो. पणग म्हणजे हीच पंचरंगी बुरशी. रोज सामायिकाला बसताना तो शब्द शेकडो घरांत उच्चारला जातो. ज्या घरात बटाटा, कांदा, गाजर उंबरा ओलांडत नाहीत त्याच घराच्या न्हाणीघरात डोक्यावर अनंतकाय वाढत असते आणि वर्षातून एकदा ती खरवडली जाते. ही विसंगती दादीजींना जाचत होती. ती जाचावी अशीच आहे. वडीलधारी माणसे सांगत आली आहेत की शेवाळ, बुरशी एकदा आली की तिला हात लावू नये, त्या जागी पाणी पाडू नये, ती आपोआप वाळू द्यावी. जयणेची खरी वेळ ती येण्यापूर्वीची असते. जुन्या घरांत पावसाळ्याआधी अंगणाला, मोरीला, भिंतीच्या पायाला चुना किंवा डांबर लावून घेत, ते याचसाठी.

त्यामुळे न्हाणीघराला कोणता रंग लावावा, हा जैन घरात केवळ रंगछटेचा प्रश्न राहत नाही. बुरशी येऊच नये असा रंग कोणता, असा तो प्रश्न होतो. त्याचे उत्तर डब्यावरच्या जाहिरातीत अर्धेच सापडते.

बुरशीला वाढायला तीन गोष्टी लागतात. बीज, अन्न आणि ओलावा. बीज हवेतच असते, ते अडवता येत नाही. अन्न फारच थोडे पुरते. धूळ, साबणाचा उडालेला फेस, अंगावरचे तेल, इतकेच काय, रंग दाट राहावा म्हणून त्यात घातलेले सेल्युलोजसारखे पदार्थसुद्धा तिला चालतात. उरला ओलावा. माणसाच्या हाती या तिघांपैकी एवढाच एक आहे.

न्हाणीघरात हा ओलावा किती असतो, हे आकड्यांत मांडले तर डोळे उघडतात. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि नऊ फूट उंच असे न्हाणीघर घेतले तर त्यातली हवा जवळपास ९ घनमीटर भरते. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावते. तीच हवा २५ अंशांपर्यंत थंड झाली तर २३ ग्रॅमच मावते. गीझरच्या कढत पाण्याने स्नान झाले, दार बंद, झरोका बंद, आणि ती वाफाळलेली हवा थंड छताला टेकली की हे सात ग्रॅमचे अंतर पाणी होऊन छतावर व भिंतींवर उतरते. ९ घनमीटरला ६० ग्रॅमहून अधिक, म्हणजे चहाचा अर्धा कप. एका स्नानाला अर्धा कप, तर घरात पाच माणसे. छतावर रोज दोन-अडीच कप पाणी कोणी हाताने शिंपडले असते तर घरात केवढा गहजब झाला असता! पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट असल्यामुळे हे पाणी वाळायला संध्याकाळ होते, आणि तोवर कोणी तरी हातपाय धुवायला आलेले असते.

हा झाला हवेतून येणारा ओलावा. दुसरा भिंतीच्या किंवा छताच्या आतून येतो. वरच्या मजल्यावरील न्हाणी ट्रॅपच्या सांध्यातून, भिंतीत गाडलेल्या जुन्या लोखंडी नळातून किंवा गच्चीच्या भेगेतून. या दोन ओलाव्यांची गल्लत केली की रंगावरचा सगळा खर्च पाण्यात जातो. ते वेगळे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा संशयित जागेवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे दिसले तर पाणी आतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ते हवेतले आहे. आतून येणाऱ्या पाण्याबरोबर गिलाव्यातील क्षारही येतात. भिंतीवर पांढरी पिठूळ बुकटी दिसू लागते, तिलाच आपल्याकडे लोणा म्हणतात. लोणा आलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग चढवला तरी तो पोपडे होऊन खाली येणार. गळतीवर इलाज म्हणून आतल्या बाजूने 'वॉटरप्रूफ' रंगाचे दोन हात मारणे म्हणजे बुडीत खात्याला नवे कर्ज देऊन ते चालू दाखवण्यासारखे आहे. ताळेबंद वर्षभर बरा दिसतो.

भवानी पेठेतील त्या घरात दोन्ही प्रकार निघाले. कोपऱ्यातला मोठा डाग वरच्या बिऱ्हाडाच्या ट्रॅपचा होता, आणि छताच्या कडेने पसरलेले लहान ठिपके वाफेचे. वरच्या बिऱ्हाडाशी बोलणी व्हायला दिवाळी उजाडली. शेजारधर्म सांभाळून, निम्मा खर्च स्वतः देऊन, ट्रॅपचा सांधा पुन्हा भरून घेतला गेला. रंगाचा विषय त्यानंतर निघाला, आणि तिथे रंगाऱ्याने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. "शेठजी, दिवाळीला हॉल रंगवा. बाथरूम उन्हाळ्यात."

हे लक्षात घेण्यासारखे आहे. दिवाळीला रंग काढायचा ही दुकानदाराची दिनदर्शिका. न्हाणीघराची वेगळी. दिवाळीत भिंत नुकती चार महिने पाणी पिऊन बसलेली असते. बुरशी वाढून झालेली असते, म्हणजे रंगकामाची सुरुवातच खरवडण्याने, हिंसेने होते. याउलट अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणी आटोपली की पुढे आषाढात चातुर्मास बसेपर्यंत साधारण दोन महिने मिळतात. पुण्याची मे महिन्यातील हवा कोरडी, ऊन कडक. भिंत आतपर्यंत वाळते. मागच्या वर्षीचे जे काही असेल ते आपोआप सुकून निर्जीव राखेसारखे झालेले असते. त्या घराने तेच केले. चैत्र संपताच आतले न्हाणीघर तीन आठवडे बंद ठेवले, त्यात पाण्याचा थेंब पडू दिला नाही. झरोक्याच्या काचा काढल्या, दार उघडे टाकले. पाच माणसांनी एका न्हाणीघरात वेळा वाटून घेतल्या. शाळेला सुटी असल्याने ते जमले.

मधल्या काळात दादीजींनी स्थानकात महासतीजींना विचारले. रंगकाम हा सावद्य विषय, साधू-साध्वी त्यात हो किंवा नाही म्हणत नाहीत. महासतीजी एवढेच म्हणाल्या की जयणा राखा. त्या उत्तरावर घरात दोन दिवस चर्चा झाली.

आता डब्याविषयी. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण सर्वत्र चुना होता. ओला चुना अत्यंत अल्कधर्मी असतो आणि त्यावर बुरशी उगवूच शकत नाही. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू चुनखडीत रूपांतरित होतो, त्याची तीव्रता ओसरते, म्हणूनच तो दरवर्षी द्यावा लागे. ज्यांच्या गावाकडच्या घरी न्हाणीघराच्या भिंतीला अजून निव्वळ चुनाच आहे त्यांनी तो सोडण्याची घाई करू नये. दरवर्षी वैशाखात एक हात, एवढा नेम ठेवला तर त्याहून स्वस्त आणि निर्दोष इलाज मिळणे कठीण. मात्र एकदा इमल्शन किंवा ऑइल पेंट चढलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, त्याची पापडी सुटते.

डिस्टेंपर स्वस्त आहे, परंतु न्हाणीघरासाठी नव्हे. कोरड्या पुडीचे डिस्टेंपर तर ओल्या हाताने पुसले तरी निघते. धुता येणारे म्हणून जे विकले जाते तेही रोजच्या वाफेत दोन वर्षांत भुसभुशीत होते. कित्येक जुन्या घरांत याच्या उलट टोक गाठलेले दिसते. चकचकीत ऑइल पेंट, तोही पिस्ता किंवा आकाशी. तो धुता येतो, हे खरे. पण सिमेंटचा गिलावा अल्कधर्मी असतो. त्यात ओल आली की ऑइल पेंटमधील तैल घटकाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग फुगे येऊन सुटतो. शिवाय गुळगुळीत छतावर वाफेचे थेंब जमून ते स्नान करणाऱ्याच्या पाठीवर पडतात, हा अनुभव पुष्कळांना असेल.

राहिले पाण्यात विरघळणारे अ‍ॅक्रिलिक इमल्शन. त्यातही मॅट, सॅटिन, ग्लॉस असे प्रकार. यातील फरक लाडवाच्या उदाहरणाने समजतो. रंगात भुकटी असते आणि तिला धरून ठेवणारा चिकट घटक असतो. पाक कमी पडलेला लाडू जसा सच्छिद्र आणि ठिसूळ, तसा मॅट रंग. त्यात भुकटी अधिक, चिकटा कमी, म्हणून तो भिंतीचे उंचसखल दोष झाकतो, पण पाणी शोषून घेतो. चिकटा वाढत गेला की पापुद्रा बंद होत जातो आणि चकाकी येते. न्हाणीघराला मधला, मंद चकाकीचा सॅटिन इमल्शन योग्य. पुसता येतो, पाणी आत जाऊ देत नाही आणि छताचे खाचखळगेही फार उठून दिसत नाहीत. दिवाणखान्यातला उरलेला उंची मॅट रंग, त्याचा भाव काहीही असो, येथे निरुपयोगी.

बहुतेक चांगल्या कंपन्या न्हाणीघर-स्वयंपाकघरासाठी बुरशीरोधक इमल्शन देतात. त्यात बुरशीची वाढ रोखणारे द्रव्य मिसळलेले असते. येथे दादीजींनी नेमका प्रश्न विचारला, "म्हणजे औषधच ना? मग घासण्यात आणि यात अंतर काय?" नातवाने सांगितले की हे उगवू देत नाही, उगवलेल्याला मारण्यासाठी नाही. दादीजींचे पूर्ण समाधान झाले नाही आणि त्यांचे बरोबर होते, कारण या प्रश्नाला स्वच्छ उत्तर नाही. भिंतीवर पडलेल्या बीजाला ते द्रव्य बाधतेच. पण दुसऱ्या पारड्यात दर पावसाळ्यात उगवून दर दिवाळीत खरवडली जाणारी अनंतकाय आहे. श्रावकाचे पहिले व्रत स्थूल हिंसेच्या त्यागाचे आहे, संसारात राहून स्थावर जीवांची विराधना पूर्ण टळत नाही, म्हणून तर विवेकाला जागा आहे. हे द्रव्यही अमरपट्टा घेऊन आलेले नसते. वाफेने आणि पुसण्याने ते काही वर्षांत ओसरते. त्यावर भरवसा ठेवून झरोका बंद करणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठिपके पुन्हा भेटतात.

रंगछटेविषयी घरातील तरुण सुनेचा आग्रह गडद राखाडीचा होता. सध्या तशी पद्धत आहे. छत मात्र पांढरेच ठेवावे असे ठरले आणि ते योग्य झाले. पांढऱ्या छतावर पहिला ठिपका पहिल्याच दिवशी दिसतो. राखाडीवर तो महिनाभर लपतो. साधू-साध्वी रोज दोन वेळा वस्त्रपात्रांचे पडिलेहण करतात, ते दिसावे म्हणूनच. जे दिसत नाही त्याची जयणा कशी राखणार? सुनेला तिची राखाडी टाइल्सच्या पट्ट्यात मिळाली.

भिंतीची तयारी हा कंटाळवाणा भाग आहे, पण टाळता येत नाही. भिंत वाळल्यावर जे सुके काळे डाग उरले ते ओलसर फडक्याने टिपून घेतले. कोरडा झाडू फिरवला नाही, कारण ती धूळ श्वासात जाते आणि विज्ञानाच्या दृष्टीने सुकलेल्या बुरशीचे बीजही उडते. रंगाऱ्याला नाकातोंडाला मास्क दिला, खुद्द दादीजींनी. पंचेंद्रिय जीवाची काळजी आधी, असे त्या म्हणाल्या. ज्यांना ब्लीचिंगचे पाणी वापरावेच लागते त्यांनी एक गोष्ट विसरू नये. ते संडास साफ करण्याच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही एकत्र येता कामा नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात ते किती असेल हे डबा सांगत नाही, आणि घरात रांगणारी मुले असतात.

लांबी, म्हणजे पुट्टी, पांढऱ्या सिमेंटची घ्यावी. पीओपी न्हाणीघरात नको. ते जिप्समचे असते, दमटपणाने मऊ पडते. नवीन घरांत न्हाणीघराला पीओपीचे नक्षीदार खोटे छत करण्याची जी हौस दिसते तिच्याविषयी न बोललेले बरे. त्या छताच्या वर काय वाढते ते कोणी पाहत नाही. नवा गिलावा केला असेल तर निदान चार आठवडे थांबावे. मग अल्क सहन करणारा प्रायमर, त्यावर सॅटिन इमल्शनचे दोन हात, दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला अवधी. शेवटच्या हातानंतर दोन दिवस तरी गरम पाण्याचे स्नान तिथे करू नये.

या सगळ्यात एक बाजू अशी निघाली की जिचा घरात कोणी विचारच केला नव्हता. रंगाऱ्याच्या झोळीतले ब्रश डुकराच्या राठ केसांचे होते. भारतातील रंगकामाचे पारंपरिक ब्रश तसेच असतात. दुकानदाराकडे नायलॉन-पॉलिएस्टर धाग्यांचे ब्रश आणि रोलर मिळतात, आणि पाण्याच्या रंगाला तेच अधिक चांगले, कारण नैसर्गिक केस पाण्याने फुगून फाकतात. म्हणजे येथे अहिंसा आणि कारागिरी एकाच बाजूला आहेत. जुन्या कोरड्या डिस्टेंपरमध्ये धरण्यासाठी सरस घालत. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. आपल्या आजोबांच्या पिढीतील कित्येकांनी चुन्यात सरस न घालता डिंक घालण्याचा आग्रह धरला होता, त्यामागे हे ज्ञान होते. सून रंग आणायला गेली तेव्हा दोन ब्रश आणि एक रोलर स्वतः निवडून घेऊन आली. त्यांचा खर्च रंगाऱ्याच्या मजुरीतून कापला नाही.

खर्चाचा हिशेब वाचकांना हवाच असणार. टाइल्स सात फुटांपर्यंत असतील तर नऊ फूट उंचीच्या न्हाणीघरात रंगवायचे काय उरते? चारही बाजूंचा दोन फुटांचा पट्टा, म्हणजे २४ गुणिले २, ४८ चौरस फूट, आणि छताचे ३५. एकूण ८३ चौरस फूट, झरोका-दार वजा जाता त्याहूनही कमी. दोन हातांना साधारण एक लिटर, फार तर सव्वा लिटर रंग. सर्वांत साधा रंग आणि सर्वांत चांगला बुरशीरोधक रंग यांतील फरक लिटरमागे शेकड्यांत असतो, हजारांत नाही. मजुरी दोन्हीला सारखीच. साधा रंग दोन वर्षे आणि चांगला पाच वर्षे टिकला तर दरवर्षीचा भार कोणाचा जास्त, हे व्यापाऱ्याला वेगळे मांडून दाखवावे लागत नाही. उरलेला डबा येथे संपवायचा मोह आवरला की बाकीचे आपोआप ठरते.

खरा वाद पंख्यावरून झाला. चिरंजीवांना वाफ ओढून घेणारा एक्झॉस्ट फॅन हवा होता. दादीजी स्वतः कित्येक वर्षे पंख्याखाली बसत नाहीत, वायुकायाची विराधना म्हणून. एका हिंसेऐवजी दुसरी, असा त्यांचा आक्षेप. शेवटी जे ठरले ते दोन्ही बाजूंना थोडे थोडे कमी देणारे होते, तडजोड अशीच असते. झरोक्याच्या काचेच्या तिरप्या पट्ट्या कायम उघड्या राहतील. दाराच्या खाली अर्धा इंच फट ठेवली जाईल, कारण हवा बाहेर जायची तर ती आत यायलाही वाट लागते. स्नान आटोपलेला प्रत्येक जण रबरी पट्टीने टाइल्सवरचे पाणी खाली ओढेल आणि दार उघडे ठेवेल. दादीजी शॉवर वापरतच नाहीत. एक बादली, तीही कोमट, त्यामुळे त्यांच्या स्नानाने वाफ होत नाही. कढत शॉवर घेणाऱ्यांनी मात्र पंखा दहा मिनिटे लावावा आणि लक्षात ठेवून बंद करावा. पंखा बसला. त्याचे बटण दादीजींनी एकदाही दाबलेले नाही.

तो पावसाळा गेला. पुढच्या वर्षीचाही गेला. छताच्या आग्नेय कोपऱ्यात, जिथे वारा पोहोचत नाही, दुसऱ्या भाद्रपदात एक पुसट ठिपका दिसला. दादीजींनीच तो प्रथम पाहिला. मोरीकडे जाण्याचा विचार या वेळी कोणी बोलून दाखवला नाही. त्या कोपऱ्याजवळ दोन दिवस पाणी वापरले नाही, दार-झरोका सताड उघडे ठेवले, आणि तो जागीच वाळला.

काम संपल्यावर ब्रश धुण्याचे पाणीही मोरीत ओतू नये. ब्रश आधी जुन्या वर्तमानपत्रावर पुसून कोरडा करावा. मग एका डब्यात अगदी थोडे पाणी घेऊन धुवावा, गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी त्याच रंगकामात दुसऱ्या दिवशी ब्रश भिजवायला वापरावी आणि गाळ वाळवून कचऱ्यात टाकावा. तांब्याभर पाण्यात हे काम होते. नळाखाली धरले तर दहा बादल्या जातात. उरलेल्या पाव लिटर रंगाच्या डब्यावर सुनेने तारीख, छटेचा क्रमांक आणि 'बाथरूम, छत' असे लिहून तो माळ्यावर ठेवला आहे.